मुलांना सावरायला शिकवताना शाळेत नेमकं काय करायचं

वर्षातून एकदा सगळ्या मुलांना सभागृहात बसवायचं, पाहुण्यांनी तासभर ‘खचू नका, मन खंबीर ठेवा’ असं सांगायचं आणि टाळ्या वाजल्या की विषय संपला. भावनिक स्वास्थ्याच्या नावाखाली कितीतरी शाळांत एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी गणितात नापास झालेलं मूल बाकावर डोकं टेकून तसंच बसलेलं असतं, कारण त्या तासाभरात त्याला प्रत्यक्ष करता येईल असं काहीच मिळालेलं नसतं. सावरण्याची सवय सरावाने लागते आणि हा सराव मुलं कुणातरी विश्वासाच्या मोठ्या माणसासोबत करतात. पुढची सगळी पद्धत या दोन गोष्टींवर उभी आहे.

आधी माणूस, मग तासिका

हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुलं चाळिशीला येईपर्यंत घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं आजारपण किंवा व्यसन अशी अनेक संकटं एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं मोठेपणी आपल्या पायांवर उभी राहिलेली, माया करणारी माणसं झाली. त्यांच्या बाबतीत वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे लहानपणी लाभलेलं निदान एक भरवशाचं मोठं माणूस. ते नेहमी आईवडीलच होते असं नाही. कुणाची आजी होती, कुणाचे शेजारी, कुणाचे शिक्षक.

म्हणून पहिलं काम स्टाफरूममध्ये करायचं. शाळा सुटल्यावर एक तास राखून ठेवा. सगळ्या वर्गांच्या नावांच्या याद्या भिंतीवर लावा. शिक्षकांनीच नव्हे, तर ग्रंथपाल, शिपाई, कार्यालयातले कर्मचारी अशा सगळ्यांनी पेन घेऊन त्या वाचत फिरायचं. ज्या मुलाचं वर्गाबाहेरचं काही माहीत आहे (त्याला काय आवडतं, घरी कोण आहे, सध्या कशाची काळजी आहे) आणि अडचणीत ते आपल्याकडे येईल असं खरोखर वाटतं, त्याच्याच नावापुढे खूण करायची. नुसतं नाव आणि गुण माहीत असतील तर खूण करायची नाही. इथे स्वतःशी प्रामाणिक राहावं लागतं. शेवटी काही नावांपुढे पाच-पाच खुणा दिसतात आणि काहींपुढे एकही नसते. बिनखुणेची ही मुलं बहुधा दंगेखोर नसतात, कारण दंगा करणारं मूल सगळ्यांनाच माहीत असतं. शांत, मधल्या गुणांची, कधी तक्रार न करणारी मुलं सुटून जातात. याद्या त्याच संध्याकाळी उतरवून ठेवा. त्या मुलांच्या नजरेस पडल्या तर जखम आपणच केल्यासारखं होईल.

आता बिनखुणेच्या प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस ठरवा. त्याने सलग १० शालेय दिवस रोज २ मिनिटं त्या मुलाशी अभ्यास आणि शिस्त सोडून काहीही बोलायचं. पहिले तीन-चार दिवस ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ एवढीच उत्तरं येतात आणि बरेच जण तिथेच प्रयत्न सोडतात. प्रश्नांची सरबत्ती केली तर मूल आणखी मिटतं. त्यापेक्षा आदल्या दिवशीचं लक्षात ठेवून विचारा: ‘काल सायकलची चेन निघाली म्हणालास, बसली का?’ आपलं बोलणं कुणीतरी लक्षात ठेवलं, हे मुलाला जाणवतं तिथून पुढचं बोलणं सुरू होतं.

वेळापत्रकात जागा

जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली शाळांमधल्या २१३ भावनिक-सामाजिक शिक्षण उपक्रमांचा एकत्रित अभ्यास मांडला. त्यात २,७०,०३४ विद्यार्थी होते. उपक्रमातल्या मुलांची भावनिक कौशल्यं आणि वागणूक तर सुधारलीच, पण अभ्यासातली कामगिरीही सरासरी ११ पर्सेंटाइलने वर गेली. ‘पोर्शन राहील’ या भीतीपायी तासिका द्यायला तयार नसलेल्या मुख्याध्यापकांसमोर हा आकडा जरूर ठेवावा. वर्गशिक्षकांनी स्वतः घेतलेल्या उपक्रमांतूनही फायदा दिसला, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञासाठी अडून बसायची गरज नाही.

चांगला परिणाम देणाऱ्या उपक्रमांत चार गोष्टी होत्या: एकावर एक रचलेला क्रम, मुलांनी प्रत्यक्ष करायच्या कृती, त्यासाठी राखीव वेळ, आणि ‘आज आपण हे एक कौशल्य शिकतोय’ असं स्पष्ट उद्दिष्ट. ‘मूल्यशिक्षण’ म्हणून जे काही मनात येईल ते घ्यायचं, यात यातलं एकही बसत नाही.

आठवड्याला ३० ते ४० मिनिटांची एक तासिका आणि रोज हजेरीनंतर ३ मिनिटं, एवढं पुरतं. तासिका शनिवारच्या शेवटच्या घंटेला ठेवू नका, ती पहिली बळी जाते. एक कौशल्य तीन-चार आठवडे चालवा. क्रम साधारण असा: भावना ओळखणं, शरीर शांत करणं, विचार तपासणं, अडचण सोडवणं, मदत मागणं. दर आठवड्याला नवा विषय आणला तर मुलांना तासिका आवडते, पण अंगवळणी काहीच पडत नाही. आणि हे सगळं परीक्षेच्या आदल्या महिन्यात सुरू करू नये. ताणात असलेल्या मुलाला नवीन काही शिकता येत नाही, तेव्हा ते फक्त आधी शिकलेलं वापरू शकतं.

भावनांना नावं

‘कसं वाटतंय?’ असं विचारलं की वर्गातून दोनच उत्तरं येतात: ‘छान’ आणि ‘बोअर’. यात मुलांचा दोष नाही. शब्द कानावर पडले नाहीत तर ते येणार कुठून? मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ मधल्या प्रयोगात असं दिसलं की, समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव देताना मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, सक्रियता कमी होते. अचूक शब्द सापडणं हेच सावरण्याचं पहिलं पाऊल आहे, असं म्हणायला त्यामुळे आधार मिळतो.

मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे आणि तिचा उपयोग न करता रंगीत हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे तक्ते भिंतीला लावत बसणं ही मोठी हानी आहे. एका भावनेच्या किती पायऱ्या असतात ते फळ्यावर शिडी काढून दाखवा. रागाची शिडी: वैताग, चीड, राग, संताप. भीतीची: धाकधूक, काळजी, भीती, दहशत. दुःखाची: हिरमोड, उदासी, दुःख, हताशा. शिवाय ज्या शिडीवर बसत नाहीत अशा भावना: ओशाळणं, हेवा, रुसवा, हुरहूर, घालमेल, अपराधीपणा, एकटेपणा. ‘खट्टू होणं’ आणि ‘खचणं’ यातला फरक कळलेलं मूल स्वतःलाही नीट ओळखतं आणि तुम्हालाही नीट सांगू शकतं.

पहिल्या आठवड्याची तासिका अशी घ्या. रागाची शिडी फळ्यावर काढा. सात-आठ छोटे प्रसंग वाचून दाखवा: पेन्सिलचं टोक तिसऱ्यांदा तुटलं, भावाने न विचारता चित्र फाडलं, न केलेल्या चुकीबद्दल बोलणी बसली. प्रत्येक मुलाने आपल्यासाठी तो प्रसंग कोणत्या पायरीवर आहे ते बोटांनी दाखवायचं, एक ते चार. बोटं वेगवेगळी येणारच. हाच तासिकेचा गाभा आहे: एकाच गोष्टीने एकाला वैताग येतो आणि दुसऱ्याला संताप, आणि दोघांचंही बरोबर असतं. कुणाला ‘एवढ्याशा गोष्टीवर चार?’ असं म्हणालात की पुढच्या वेळी सगळे दोन दाखवतील.

दुसऱ्या आठवड्यात शरीराकडे वळा. पोटात गोळा येणं, घशात आवंढा दाटणं, हातपाय गळणं, तळपायाची आग मस्तकात जाणं, अंगावर काटा येणं: भावना शरीरात कुठे जाणवते हे आपले वाक्प्रचार आधीच सांगून बसलेत. माणसाची आकृती काढलेला कागद द्या, मुलांनी वाक्प्रचार त्या त्या अवयवावर लिहायचे, मग आपल्याला राग कुठे जाणवतो तिथे रंग भरायचा. कान गरम होतात, दात आवळले जातात, मुठी वळतात. आपली पहिली खूण कोणती ते ज्या मुलाला कळलं, त्याला राग डोक्यात जाण्याआधीचे काही क्षण मिळतात. तिसरी-चौथीच्या मुलांना हे सहज जमतं. त्याहून लहानांसाठी शिडीच्या दोनच पायऱ्या पुरेत.

रोजच्या तीन मिनिटांत एवढंच: मुलांनी वहीच्या मागच्या पानावर त्या क्षणाचा एक शब्द लिहायचा. वाचून दाखवणं ऐच्छिक. गोलात बसवून एकेकाला बोलायला लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. आदल्या रात्री घरात भांडण झालेलं मूल तीस जणांसमोर खरं बोलणार नाही, आणि बोललंच तर मधल्या सुट्टीत त्याचं काय होईल ते आपल्या हातात राहत नाही. ‘पास’ म्हणायचा हक्क पहिल्या दिवसापासून द्या आणि तो वापरणाऱ्याकडे भुवया उंचावून पाहू नका. आणखी एक: ‘चांगल्या भावना, वाईट भावना’ असे दोन रकाने कधीही करू नका. मत्सर वाटणं वाईट आहे असं शिकलेलं मूल मत्सर लपवायला शिकतं. भावना सगळ्या चालतात, मारणं-फेकणं चालत नाही, एवढा भेद पुरेसा आहे.

शरीर शांत करणं

चार मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत तोंडाने बाहेर. एक फेरी १० सेकंदांची, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. सहा फेऱ्या करायच्या. बाहेर सोडायचा श्वास लांब ठेवायचा, कारण उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके मंदावतात. लहान मुलांना आकडे जमत नाहीत. त्यांना एका हाताचा पंजा पसरून दुसऱ्या हाताच्या बोटाने कडेकडेने गिरवायला सांगा, वर चढताना श्वास आत, खाली उतरताना बाहेर. मुलं ‘मोठा श्वास घ्या’ म्हटलं की खांदे कानापर्यंत नेतात आणि भराभर घेतात, त्याने गरगरायला होतं. ‘मोठा’ऐवजी ‘हळू’ म्हणा.

सराव शांत वेळी करायचा, रोज एकदा, निदान तीन आठवडे. रडणाऱ्या, थरथरणाऱ्या मुलाला पहिल्यांदाच ‘श्वास घे’ सांगितलं तर ते चिडतं, आणि मग ‘श्वास’ हा शब्दच त्याच्या मनातून उतरतो. डोळे मिटायची सक्ती नको. भीतीचा अनुभव घेतलेल्या मुलांना डोळे मिटून बसणं असुरक्षित वाटतं, काहींचा जीव श्वासाकडे लक्ष दिल्यानेच घाबरा होतो. त्यांच्यासाठी दुसरे मार्ग ठेवा: दोन्ही तळवे एकमेकांवर १० सेकंद जोराने दाबून सैल सोडणं, पाय जमिनीवर घट्ट रोवणं, खोलीतल्या निळ्या रंगाच्या पाच वस्तू शोधणं.

वर्गात शांत कोपरा करत असाल तर तो दारापासून दूर, पण तुमच्या नजरेत ठेवा. एक चटई, पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ, कागद-पेन्सिल, पिळायला एक मऊ चेंडू. यापेक्षा जास्त वस्तू ठेवल्या की तो खेळाचा कोपरा होतो. मूल स्वतःहून जातं, घड्याळ उलटं करतं, वाळू संपली की परत येतं. ‘जा, त्या कोपऱ्यात बस’ असं एकदाही म्हणालात की ती शिक्षेची जागा झाली, आणि ती पुन्हा शांततेची जागा व्हायला महिने लागतात. एखादं मूल दर गणिताच्या तासाला तिथेच जात असेल तर त्याला अडवू नका, पण गणितात काय अडतंय ते शोधा.

एक सावधगिरी. ब्रिटनमध्ये ११ ते १४ वयाच्या ८,००० हून अधिक मुलांवर ध्यानपद्धतीच्या शालेय प्रशिक्षणाची मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा त्याचा काही जास्त फायदा दिसला नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. सगळ्या वर्गाला एकच औषध पाजून भागत नाही. म्हणून चार-पाच मार्ग दाखवा आणि प्रत्येकाला आपला एक निवडू द्या.

विचार तपासणं, आणि कधी तपासायला सांगू नये

साधारण नऊ-दहा वर्षांपासून हे जमतं. वहीत तीन रकाने आखायचे: काय घडलं, मनात काय आलं, काय वाटलं. उदाहरण एकत्र भरा. काय घडलं: मैत्रीण समोरून गेली, बोलली नाही. मनात आलं: ती माझ्यावर रागावलीय. वाटलं: काळजी, दोनच्या पायरीवर. आता चौथा रकाना: आणखी काय असू शकेल? तिने पाहिलं नसेल. तिचा पेपर वाईट गेला असेल. खरंच रागावली असेल. हा तिसरा पर्याय गाळू नका. प्रत्येक वेळी गोड अर्थच निघतो असं शिकवलं तर मुलांना ते लगेच खोटं वाटतं. शेवटी विचारायचं, ‘खरं काय ते कसं कळेल?’ उत्तर बहुधा साधं असतं: तिला विचारून.

पण रोज मधल्या सुट्टीत दोघं जण ज्याचं दप्तर फेकतात, त्या मुलाला हे रकाने भरायला देणं अन्याय आहे. त्याच्या विचारात काही चूक नाही, त्याच्याशी होणारं वागणं चूक आहे. ते मोठ्यांनी, त्याच दिवशी थांबवायचं. जातीवरून, रंगावरून, अपंगत्वावरून चिडवणं, घरातली मारहाण, उपाशीपोटी शाळेत येणं: या गोष्टी ‘खंबीर हो’ म्हणून झेलायला शिकवायच्या नसतात. आधी परिस्थितीला हात घाला, मग कौशल्याकडे वळा. हा क्रम उलटला तर सावरायला शिकवणं म्हणजे मुलावर टाकलेलं आणखी एक ओझं होतं.

विचारांच्या जोडीला ‘जर-तर’चं वाक्य द्या. नुसता निश्चय करण्यापेक्षा कुठे आणि केव्हा काय करायचं हे आधी ठरवलेलं असलं की ते हातून होण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनाने दाखवलं आहे. ‘मी परीक्षेत घाबरणार नाही’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘पहिला प्रश्न आला नाही, तर मी पेन खाली ठेवीन, तीन हळू श्वास घेईन आणि येणारा प्रश्न शोधीन’ हे उपयोगी आहे. प्रत्येक मुलाने आपलं एकच वाक्य कार्डावर लिहून कंपासपेटीत ठेवायचं. पाच वाक्यं लिहिली की एकही आठवत नाही.

चुकल्यावर

सावरण्याचा खरा वर्ग गणिताच्या आणि भाषेच्या तासालाच भरतो. पाचवीतला मुलगा भागाकार करतोय. दुसऱ्या पायरीला चुकतं, खोडतो, पुन्हा चुकतं, आणि खोडरबर इतक्या जोराने चालवतो की कागद फाटतो. वही ढकलून म्हणतो, ‘मला गणित येतच नाही.’

इथे तोंडातून आपसूक निघणारं उत्तर म्हणजे ‘अरे, सोपं आहे!’ सोपं असूनही येत नाही, म्हणजे मीच ढ, हा अर्थ तो लगेच काढतो. दुसरी चूक म्हणजे पेन्सिल घेऊन आपणच उदाहरण सोडवून देणं. त्याऐवजी शेजारी बसा, आवाज खाली आणा. ‘कागद फाटला, म्हणजे चांगलाच वैतागलास.’ मग थांबा, चांगले चार-पाच सेकंद. ‘कुठपर्यंत बरोबर आलंय असं वाटतं, ते दाखव.’ तो पहिल्या पायरीवर बोट ठेवतो. ‘हो, इथपर्यंत बरोबर आहे. पुढची ओळ माझ्यासमोर कर, चुकली तरी चालेल.’ तो करतो आणि दिसतं की भाग जात नाही तेव्हा भागाकारात शून्य लिहायचं राहतंय. ‘गणित येत नाही’ हे अख्खं संकट ‘शून्य लिहायचं राहतं’ एवढं लहान झालं. आता म्हणा, ‘चूक कुठे होते ते तू शोधलंस.’ ‘हुशार आहेस’ असं म्हणू नका. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत हुशारीबद्दल वाहवा मिळालेल्या मुलांनी पुढे सोपी कामं निवडली आणि अपयशानंतर ती लवकर ढेपाळली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघड कामालाही तयार झाली.

मात्र मेहनतीच्या कौतुकालाही मर्यादा आहे. सोप्या कामावर ‘किती छान प्रयत्न केलास’ म्हटलं तर मुलांना ती दया वाटते. आणि एकच चुकीची पद्धत दहादा वापरणाऱ्याला ‘आणखी प्रयत्न कर’ सांगणं क्रूर आहे, त्याला दुसरी पद्धत हवी असते. अवघड कामाचं माप असं ठेवा की मुलाला बहुतेक पायऱ्या येतात आणि एक-दोन अडतात. मदतीला धावण्याआधी दोन-तीन मिनिटं झगडू द्या. सतत हरणारं मूल हरण्यातून काहीही शिकत नाही, ते फक्त हरायला सरावतं.

तपासलेले पेपर वाटताना गुण मोठ्याने वाचू नका. पेपर उलटा ठेवा, आणि लगेच १० मिनिटं एकाच कामासाठी द्या: गेलेल्या गुणांपैकी दोन गुण कशामुळे गेले ते शोधून तो प्रश्न पुन्हा सोडवायचा. अपयशानंतर हाताला लगेच काम मिळालं की मन तिथेच घुटमळत नाही.

एकमेकांशी बोलताना

मुलं आधी मोठ्यांकडे येत नाहीत, मित्राकडे जातात. म्हणून ऐकायला सगळ्यांनाच शिकवा: दोघांच्या जोड्या, एकाने २ मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने सल्ला न देता ऐकायचं आणि शेवटी ‘तुला असं वाटलं, बरोबर?’ एवढंच विचारायचं. विषय तुम्ही द्या आणि हलका द्या. पण तेच ते दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसण्याची सवय लागू देऊ नका. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये दाखवलं की, अशा बोलण्याने मैत्री घट्ट होते, पण उदासी आणि चिंताही जास्त आढळते. मुलांना सोपा नियम द्या: आधी ऐकायचं, मग विचारायचं, ‘आता एक छोटी गोष्ट कोणती करता येईल?’

आणि एक नियम ठळक अक्षरांत वर्गात लावा: मित्राने स्वतःला इजा करण्याबद्दल सांगितलं किंवा कुणी त्याला त्रास देतंय असं सांगितलं, तर ते गुपित ठेवायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचं. सांगणं म्हणजे चहाडी नव्हे, हे वर्षातून तीन-चारदा बोलावं लागतं.

शिक्षकाच्या हाताबाहेरचं

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी किंवा चिडचिड, आवडत्या गोष्टी सोडून देणं, झोप-भूक बिघडणं, वारंवार पोटदुखी-डोकेदुखी, गुणांत अचानक घसरण, अंगावर न सांगता येणाऱ्या जखमा, ‘मी नसलो तर बरं’ असं बोलणं: या खुणा दिसल्या की मूल समुपदेशकाकडे न्या. शेवटच्या दोन खुणा दिसल्या तर दोन आठवडे सोडाच, दोन तासही थांबू नका. समुपदेशक नसेल तर मुख्याध्यापक, पालक आणि डॉक्टर. मात्र घरातच धोका असल्याची शंका असेल तर आधी पालकांना फोन करू नका, बालसंरक्षणाच्या यंत्रणेला कळवा.

मरणाबद्दल विचारलं तर मुलाच्या डोक्यात तो विचार आपणच घालू, ही भीती निराधार आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, शाळकरी मुलांवरच्या मोठ्या प्रयोगात असं विचारल्याने त्रास वाढला नाही. एकांतात, शांतपणे, सरळ विचारा: ‘जगूच नये असं कधी मनात येतं का?’ उत्तर ‘हो’ आलं तर दचकू नका, उपदेश करू नका, मुलाला एकटं सोडू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. म्हणा, ‘तू सांगितलंस हे फार बरं केलंस. तुला सुरक्षित ठेवायला मला एक-दोन माणसांना सांगावं लागेल. कुणाला आणि काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू.’ नंतर मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. त्यात आपला अर्थ मिसळू नका.

शाळेत कुणाचा मृत्यू झाला तर मुलांना खरं, मोजक्या शब्दांत, वर्गशिक्षकाने आपल्या वर्गातच सांगावं, ध्वनिक्षेपकावरून नाही. ‘झोपी गेला’, ‘दूर गेला’ असे शब्द लहान मुलांना घाबरवतात. वेळापत्रक शक्य तितकं नेहमीसारखं ठेवा, बोलू इच्छिणाऱ्यांसाठी एक खोली आणि एक माणूस ठेवा, पण सगळ्यांना बसवून मनातलं बाहेर काढायला लावू नका. त्याने बरं वाटेलच असं नाही, काहींना त्रास होतो.

पालक, शिक्षक आणि मोजमाप

घरी महिन्याला एकच चिठ्ठी पाठवा, चार ओळींची: या महिन्यात काय शिकतोय आणि घरी कोणतं एक वाक्य वापरता येईल. ‘रडू नकोस’ऐवजी ‘कशाचं वाईट वाटलं?’ एवढं जरी घरात रुजलं तरी खूप झालं. शिक्षकाने वर्गासमोर स्वतः सावरून दाखवणं कोणत्याही तक्त्यापेक्षा मोलाचं आहे: ‘प्रोजेक्टर बंद पडला, मला वैताग आलाय. एक मिनिट थांबते, मग फळा वापरू.’ आणि ज्या शिक्षकाला दिवसात १० मिनिटंही निवांत मिळत नाहीत, त्याच्याकडून हे मागणं चुकीचं आहे. अशी तासिका घेणाऱ्याची एक बदली तासिका मुख्याध्यापकांनी कमी करावी.

परिणाम मोजायला मोठ्या प्रश्नावल्या नकोत. चार गोष्टी दर महिन्याला नोंदवा: गैरहजेरी, मधल्या सुट्टीतली भांडणं, दुखण्याच्या तक्रारी घेऊन वर्गाबाहेर जाणं, आणि चुकल्यावर किती मुलं पाच मिनिटांत पुन्हा कामाला लागतात. पहिल्या एक-दोन महिन्यांत तक्रारी वाढलेल्या दिसतात. घाबरू नका, मुलं आता सांगायला लागली आहेत. तीन महिन्यांनी त्याच याद्या पुन्हा स्टाफरूमच्या भिंतीवर लावा, सगळ्यांच्या हातात पेन द्या, आणि ज्या नावापुढे अजूनही खूण पडली नाही, त्या मुलासोबतची रोजची दोन मिनिटं पुढच्या सोमवारपासून दुसऱ्या माणसाकडे सोपवा.